होड्यांवर भरलेली सभा

गेल्या महिन्यात बाजारच्या दिवशी एस.टी.च्या थांब्यावर एक जुन्या ओळखीचे शेतकरी भेटले. डोक्याला पटका, काखेत घडी केलेली रिकामी गोणी. गाडीला उशीर होता, म्हणून दोघेही लिंबाच्या सावलीला टेकलो. पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या, कांद्याच्या भावाच्या झाल्या. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"गुरुजी, तुमी म्हणायचा, पोराला शिकवा. शिकवलं. वड्याकडंचा एकर घातला त्यात. आता पोरगं शहरात मोठ्या जागंवर हाय. मागं मी गेलो त्याच्याकडं, तर शेजारपाजारच्यांना म्हनला, 'गावाकडचे वळखीचे आहेत.' बाप नाय म्हनला, वळखीचे. शिकलं का पोरगं आपलं ऱ्हात नाय बघा."

तेवढ्यात गाडी आली. ते चढून गेले आणि मी तसाच बसून राहिलो. मला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर तो मुलगा माझ्याच हाताखाली शिकलेला. वर्गात मीच ओरडून सांगत असे, "शिका रे, नाहीतर जन्मभर चिखल तुडवाल!" मुलाने ते ऐकले. तो शिकला आणि चिखलातून बाहेर पडला. पण चिखलाची लाज त्याला कोणी शिकवली? ती मीच शिकवली होती.

घरी आल्यावर रात्रभर तेच मनात घोळत राहिले. तेव्हा मला एका माणसाची आठवण झाली. तो आपल्या मुलखातला नव्हता, केरळातला होता. घर शेतकऱ्याचे नव्हते, कोळ्याचे होते. त्याची हकिगत आज तुमच्यापुढे मांडतो. त्या शेतकऱ्याला थांब्यावर द्यायचे राहिलेले उत्तर तिच्यात सापडते का, ते बघू.

त्यांचे नाव पंडित के. पी. करुप्पन. जन्म २४ मे १८८५. गाव चेरानल्लूर, एर्नाकुलम शहराच्या जवळ. आज हा भाग केरळ राज्यात आहे, पण त्या काळी तिथे कोचीनच्या महाराजांचे संस्थान होते.

तो मुलूख कसा, हे आधी डोळ्यांपुढे आणा. समुद्र आणि जमीन यांच्या मध्ये मैलोगणती पसरलेले, शांत, खारे-गोडे पाणी. त्याला तिकडे 'कायल' म्हणतात. कायलच्या काठाने खारवट शेते. पावसाळ्यात वरून गोडे पाणी आले की मीठ धुऊन जाते, मग त्यात भाताची एक जात लावतात, तिचे नाव पोक्काळी. भात निघाले की त्याच शेतात भरतीचे पाणी आत घेतात आणि कोळंबी वाढवतात. सहा महिने भात, सहा महिने कोळंबी. आपल्या कोकणातली खार जमीन किंवा गोव्यातले खाजन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे चित्र लगेच ओळखू येईल.

या पाण्यावर जगणारी एक जात वालन. होड्या वल्हवायच्या, नदी-खाडीतले मासे धरायचे, हे त्यांचे काम. आणि काठच्या भातशेतात कमरेएवढ्या चिखलात राबणारे मजूर, ते पुलया. कोचीन संस्थानात १८५४ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. त्याआधी हे पुलया जमिनीबरोबर विकले जात. कायदा झाला तरी रस्ता त्यांना मोकळा झाला नाही. वरच्या जातीच्या माणसापासून इतके पावले दूर उभे राहायचे, अमक्या वाटेने जायचे नाही, तमक्या विहिरीला शिवायचे नाही, असे सगळे मोजून ठरलेले. कोळ्यांची स्थिती त्यांच्याहून थोडी बरी, पण तीही तळाच्याच पायरीवरची.

अशा वालन जातीच्या घरात करुप्पन जन्मला. करुप्पन म्हणजे काळा, आपण 'काळू' म्हणतो तसे. घरी वडील पूजाअर्चा करणारे. पाचव्या वर्षी मुलाला अक्षर शिकायला बसवले ते त्यांच्याच जातीतल्या एका वैद्याजवळ. मुलगा हुशार निघाला. मुळाक्षरे संपली, अमरकोश झाला, तरी भूक भागेना. मग कोडुंगल्लूरला अन्नमनडा राम पोतुवाळ यांच्याकडे संस्कृत काव्ये शिकला. कोडुंगल्लूर म्हणजे त्या काळचे विद्येचे माहेरघर. तिथेच देवळाच्या निमित्ताने कोचीनच्या महाराजांची गाठ पडली. पोराने श्लोक रचून दाखवले. महाराज स्वतः संस्कृतचे जाणकार. ते खूष झाले आणि पुढचे शिक्षण राम पिषारडी या विद्वानांकडे व्हावे अशी व्यवस्था त्यांनी लावून दिली.

वाचक मंडळी, इथे जरा थांबा. कोळ्याचा पोर, राजाची मर्जी बसलेली, तोंडात संस्कृत. याला आता काय कमी होते? राजाची स्तुती करणारी चार कवने लिहिली असती, शाल-श्रीफळ घेतले असते आणि जन्म सुखात गेला असता. जाळे आणि होडी यांचे नावही काढायला नको होते.

त्याने काय केले? १९०४ साली, वय वर्षे एकोणीस, त्याने एक काव्य रचले. त्याचे नाव 'जातिक्कुम्मी'. कुम्मी म्हणजे बायकांचा फेराचा खेळ. गोल फेर धरायचा, टाळ्या वाजवायच्या आणि गाणे म्हणायचे. आपल्याकडे भोंडल्याला किंवा झिम्म्याला गाणी म्हणतात, तसाच प्रकार. एवढे संस्कृत शिकलेल्या माणसाने जड छंद बाजूला ठेवला आणि अडाणी बायांच्या टाळीवर बसणारी चाल उचलली.

त्यातली गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी कीर्तनात ऐकली असेल. आद्य शंकराचार्य वाटेने चालले आहेत. समोरून एक खालच्या जातीचे जोडपे येते. 'दूर व्हा' असे त्यांना सांगितले जाते. तेव्हा तो माणूस विचारतो, की महाराज, दूर कोणी व्हायचे? या देहाने, की आतल्या आत्म्याने? देह म्हणाल तर तो तुमचा-माझा एकाच मातीचा. आत्मा म्हणाल तर तो सगळ्यांत एकच, असे तुम्हीच सांगता. आचार्य निरुत्तर होतात. करुप्पन यांनी हा संवाद गाण्यात घातला आणि जातिभेदाची साल काढली.

काव्य छापून निघाले ते १९१२ च्या सुमारास. पण छापखान्याची वाट पाहायचे कारण नव्हते. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनी ते पाठ केले. होडी वल्हवताना, शेतात लावणी करताना ते म्हटले जाऊ लागले. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी पोवाडा हाताशी धरला, कारण तो ऐकायला शाळा शिकावी लागत नाही. तिकडे करुप्पन यांनी तेच ओळखले होते.

पोटासाठी नोकरी मास्तरकीची. एर्नाकुलमच्या सेंट आल्बर्ट शाळेत ते संस्कृत शिकवू लागले. पुढे सरकारने त्यांना मुलींच्या हायस्कुलात नेमले. ती शाळा वरच्या जातीच्या मुलींसाठीच काढलेली. कोळ्याचा मास्तर आमच्या मुलींना देववाणी शिकवणार? पालकांनी हाकाटी केली. महाराजांनी नेमणूक मागे घेतली नाही. मास्तर वर्गात गेले आणि शिकवू लागले. पुढे त्रिशूरलाही त्यांनी मुलींच्या शाळेत आणि शिक्षक तयार करणाऱ्या शाळेत काम केले.

शाळा सुटली की मास्तर घरी जाऊन पाय पसरत नव्हते. होडीत बसून वस्त्यावस्त्यांना जात. गावोगावच्या कोळ्यांच्या त्यांनी सभा बांधल्या. त्यांची नावे पाहा: कल्याणदायिनी, ज्ञानोदयम्, सुधर्म सूर्योदय. मुलांना शाळेत घाला, स्वच्छ राहा, एकत्र या, हा त्यांचा सांगावा. आजच्या भाषेत बोलायचे तर समाजमंदिर आणि प्रौढशिक्षणाचा वर्ग एका ठिकाणीच.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती पुढची गोष्ट. स्वतःच्या जातीसाठी धडपडणारे पुष्कळ असतात. करुप्पन यांनी आपल्याहून खालच्या पायरीकडे पाहिले. चिखलात राबणाऱ्या पुलयांचीही सभा हवी होती. त्यांच्यातली कृष्णाती, के. पी. वळ्ळोन, पी. सी. चांचन अशी तरुण माणसे पुढे आली. सगळे तयार. अडले कुठे? सभा भरवायची कुठे, इथेच सगळे अडले. खासगी जमिनीवर जमीनदार उभे राहू देईना. सरकारी जमिनीवर मनाई. जन्मभर ज्यांनी जमीन कसली, त्यांना सभेपुरती वितभर जमीन मिळेना!

तेव्हा हा कोळ्याचा मुलगा म्हणाला असेल, जमीन नाही ना? पाणी तर आहे. कायलच्या पाण्यावर कोणाचा सातबारा नाही. जातीचा नियम रस्त्याला आहे, विहिरीला आहे, देवळाला आहे. पाण्यावर तो कोणी लिहून ठेवलेला नाही.

१९१३ सालची गोष्ट. कोळी बांधवांच्या होड्या गोळा झाल्या. एकीला एक लावून बांधल्या, वर फळ्या टाकल्या, आणि कायलच्या मधोमध एक तरंगते अंगण तयार झाले. लोक आपापल्या होडग्यातून आले. त्या अंगणावर पुलया समाजाची सभा भरली. किनाऱ्यावर ज्यांना उभे राहायला बंदी, त्यांनी पाण्यावर आपली संघटना उभी केली. केरळात आजही ही सभा 'कायल संमेलन' या नावाने ओळखली जाते.

मंडळी, हे घडले कशामुळे? संस्कृत शिकलेल्या पंडितामुळे, की होडी बांधता येणाऱ्या कोळ्यामुळे? दोघांमुळेही. नुसत्या पंडिताला ही युक्ती सुचली नसती, कारण होड्या एकमेकींना कशा बांधतात हे त्याला ठाऊक नसते. आणि ज्यांच्या होड्या आणायच्या ती माणसे त्याच्या एका शब्दावर धावून आली नसती. बापजाद्यांचा धंदा त्याने पोथीखाली पुरून टाकला नव्हता, म्हणून तो ऐन वेळी उपयोगी पडला.

यानंतरची एक हकिगत तर खास तुम्हा शेतकरी मंडळींनी ऐकावी अशी आहे. एर्नाकुलमला शेतीचे प्रदर्शन भरले. भाताच्या लोंब्या, केळीचे घड, नारळ, कंदमुळे, सगळे मांडलेले. आणि हे सगळे ज्यांनी पिकवले त्या पुलयांना शहरात पाऊल टाकायला बंदी! त्या भागात असे सांगतात, की करुप्पन यांनी हीच गोष्ट संस्थानच्या दिवाणांपुढे ठेवली. पीक मंडपात आणि पिकवणारा पाण्यावर होडीत ताटकळत, हे कसले प्रदर्शन? दिवाणांना ते पटले. परवानगी मिळाली, आणि कायलवर थांबलेली माणसे पहिल्यांदा त्या शहराच्या रस्त्यावरून उघडपणे चालत आली.

असा माणूस सगळ्यांना आवडतो असे नाही. महाराजांच्या साठीच्या समारंभासाठी त्यांनी 'बालाकलेशम्' नावाचे नाटक लिहिले आणि त्यातही अस्पृश्यतेवर बोट ठेवले. एका नामांकित टीकाकाराने नाटकाचे नावच मुरडून लेखकाची जात काढली. नाटक कसे आहे ते बाजूला राहिले, नाटककार कोणाच्या घरी जन्मला तेवढेच पुढे आले. करुप्पन यांना हे लागले नसेल का? लागले असणारच. पण लेखणी खाली ठेवली नाही.

त्यांच्या विद्येचा मान झाला. त्रावणकोरच्या केरळ वर्मा वलिय कोयिल तंपुरान यांनी 'विद्वान' ही पदवी दिली, कोचीनच्या महाराजांनी 'कवितिलक' केले. १९२५ साली कोचीनच्या विधान परिषदेवर दलित वर्गाचे सदस्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. कोळ्याचा मुलगा कायदे करणाऱ्यांच्या सभागृहात जाऊन बसला. तरीही एकदा सरकारी थाटाची मेजवानी झाली, बाकीच्या मानकऱ्यांना आमंत्रणे गेली आणि यांना गेले नाही. कारण तेच. दुसरा कोणी असता तर अपमान गिळून गप्प बसला असता किंवा राजीनामा फेकून मोकळा झाला असता. यांनी त्या प्रसंगावर 'उद्यानविरुन्नु', म्हणजे बागेतली मेजवानी, या नावाचे काव्य लिहिले आणि राज्यकर्त्यांच्या दारातच ते गाऱ्हाणे मांडले.

परिषदेत त्यांनी लावून धरले ते हेच, की या दडपलेल्या लोकांसाठी सरकारचे वेगळे खाते हवे. खाते निघाले. शिक्षण खात्याचे प्रमुख त्याचे संरक्षक झाले आणि पूर्ण वेळ काम पाहणारे सहायक संरक्षक म्हणून करुप्पन यांना नेमले. मुलांना शाळा, फीमाफी, शिष्यवृत्ती, बेघरांना वसाहती, पाण्याला विहिरी, अशा कामांत ते बुडाले. पुलयांच्या वतीने बोलायला आपण किती दिवस? त्यांचा माणूसच परिषदेत हवा, असा त्यांनी आग्रह धरला. पाण्यावरच्या त्या सभेतले पी. सी. चांचन आणि पुढे के. पी. वळ्ळोन हे खरोखरच परिषदेचे सदस्य झाले. होडीवर बसलेला माणूस सभागृहाच्या खुर्चीवर बसला.

शेवटच्या वर्षांत ते देशी भाषांतल्या शिक्षणाचे अधीक्षक झाले, आणि १९३५ च्या सुमारास एर्नाकुलमच्या महाराजा कॉलेजात मलयाळम शिकवू लागले. २३ मार्च १९३८ रोजी ते गेले. वयाची त्रेपन्न वर्षेही पुरी झाली नव्हती.

आता हिशेब मांडू. कवी, संस्कृतचा मास्तर, मुलींच्या शाळेतला शिक्षक, नाटककार, सभा बांधणारा, परिषदेचा सदस्य, सरकारी अधिकारी, कॉलेजातला अध्यापक. एका जन्मात एवढ्या नोकऱ्या आणि एवढी सोंगे! वरवर पाहणाऱ्याला वाटेल, या माणसाचा पाय एका ठिकाणी ठरत नव्हता. पण नीट पाहा. जागा बदलल्या, काम एकच राहिले. ज्या दारातून आपण आत आलो ते दार पाठीमागे लोटून द्यायचे नाही. त्यात पाय घालून उभे राहायचे आणि मागच्याला हाक मारायची. शाळेत गेले तेव्हा हेच केले, परिषदेत गेले तेव्हा हेच केले.

माझ्या त्या शेतकरी मित्राला मी आता काय सांगू? शिकल्याने पोरगं परकं होतं, हे खरे नाही. करुप्पन तुमच्या-आमच्या मुलांहून कितीतरी जास्त शिकले होते, राजवाड्यापर्यंत पोचले होते. तरी होडीवाल्यांना ते आपले वाटत होते. परकेपण शिक्षणातून येत नाही. ते लाजेतून येते. आणि ती लाज आपण मोठी माणसेच पोरांच्या दप्तरात भरून पाठवतो. "आमच्यासारखे राहू नकोस," असे आई म्हणते. "या कामात काय ठेवले आहे," असे बाप म्हणतो. "चिखल तुडवाल," असे माझ्यासारखा मास्तर म्हणतो. पोरगं सगळ्यांचे ऐकते आणि एक दिवस बापाला ओळखीचा म्हणून मोकळे होते.

म्हणून यापुढे मी वर्गात असतो तर वेगळे बोललो असतो. म्हणालो असतो, बाबांनो, भरपूर शिका. पण वाफसा कधी होतो हे बापाकडून शिका, बियाणे कसे राखतात हे आईकडून शिका. तेही शिक्षणच आहे. कोणत्या दिवशी कुठली होडी कामाला येईल, हे सांगता येत नाही.

शिकलेल्या लेकरांनाही एक सांगणे आहे. सुट्टीला गावी आलात की चार दिवस ओट्यावर बसून मोबाईल बघू नका. वस्तीवरच्या एखाद्या पोराचा दाखला अडला असेल, कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा राहिला असेल, कोणा म्हातारीला पेन्शनचा कागद वाचता येत नसेल. तुमच्या अर्ध्या तासाने त्यांचे वर्ष वाचते.

आणि शेवटी आपल्या सगळ्यांसाठी एक प्रश्न. आपल्याही गावात कृषी मेळावे होतात, हळदीकुंकू होते, सत्कार होतात. त्या मांडवात पुढे कोण बसते आणि बाहेर बांधावर कोण उभे असते? कांदा लावणाऱ्या बाया, ऊस तोडणारी माणसे, सालगडी, यांतल्या कोणाला कधी पहिल्या रांगेत बसवले आहे का? एर्नाकुलमच्या प्रदर्शनाला शंभर वर्षे उलटून गेली, पण तो प्रश्न जुना झालेला नाही. येत्या मेळाव्याला आपल्या शेतावर राबणाऱ्या एका तरी जोडप्याला सोबत घेऊन जा आणि शेजारी बसवा.

मी मात्र पुढच्या बाजारी त्या थांब्यावर जाणार आहे. त्या शेतकऱ्याला हा अंक देईन. त्यांना वाचता येते, पण डोळे साथ देत नाहीत. म्हणून म्हणेन, दिवाळीला पोरगं आलं की त्याच्याकडूनच हे वाचून घ्या. तुमच्याजवळ बसून, मोठ्याने.